लाल हत्तीचा कागद

माझ्या कपाटाच्या तिसऱ्या खणात निळ्या पुठ्ठ्याची एक फाईल आहे. वर माझ्या अक्षरात 'वाढदिवस – केक' असं लिहिलंय आणि आत ब्राउन पेपरचे कापलेले आकार आहेत, प्रत्येकाला नंबर घातलेला. नंबर एक ससा, दोन फुलपाखरू, तीन घर, चार आगगाडीचं इंजिन. मागच्या बाजूला शिसपेन्सिलीने टिपलंय की चौकोनी केक किती इंचांचा, गोल किती, सुरी कुठून फिरवायची आणि उरलेल्या तुकड्याचं काय करायचं. सशाचे दोन्ही कान एका गोल केकच्या कडांमधून निघतात आणि मधला उरलेला तुकडा त्याच्या गळ्यातला बो होतो. काहीही वाया जात नाही. मला वाया गेलेलं आवडत नाही, हे तुमच्या आईने तुम्हाला सांगितलं असेलच.

पाचव्या नंबरला हत्ती आहे. तो ब्राउन पेपरचा नाही, आणि नंबर सोडला तर त्यावर माझं अक्षरही नाही.

सई, परवा फोनवर तू म्हणालीस, "आजी, मला सातव्या बर्थडेला सेम तोच एलिफंट हवाय, फ्रिजवरच्या फोटोतला. तू कसा केला होतास ते आईला शिकव ना." मागून तन्मय ओरडला, "मी शाळेत सगळ्यांना सांगितलंय, माय आजी मेड इट!" मी "हो, बघते हं," म्हणाले आणि फोन ठेवला. मग कपाट उघडलं.

हे मी मराठीत लिहिते आहे. तुम्हाला ते आईकडून वाचून घ्यावं लागेल, मला कल्पना आहे. पण इंग्रजीत लिहायला बसले असते तर मी ते फार नीटनेटकं लिहिलं असतं, आणि नीटनेटक्या वाक्यांच्या मागे पुष्कळ काही लपवता येतं. आयुष्यभर मुलांना इंग्रजी शिकवलेल्या बाईला ते कसं करायचं हे ठाऊक असतं.

फाईल उघडली की आधी वास येतो. जुना व्हॅनिला, कोको, आणि त्याखाली खळीचा वास. सूत मागावर चढवण्याआधी त्याला पिठासारखी खळ लावतात, तो. त्या काळी आमच्या गल्लीत प्रत्येक दुसऱ्या घरात माग होते आणि हा वास आमच्या भिंतींना, उशांना, वाळत घातलेल्या कपड्यांना, आणि माझ्या केकलासुद्धा लागायचा. सकाळी सातला माग सुरू व्हायचे, खटाखट, खटाखट, आणि दिवसभर थांबायचे नाहीत. पुण्याहून लग्न होऊन सोलापूरला आले तेव्हा पहिला महिनाभर माझं डोकं दुखलं. पुढे तो आवाज ऐकू येईनासा झाला. फक्त थांबला की ऐकू यायचा.

तो थांबला की समजायचं, लाईट गेली. गल्लीभर एकदम शांतता पसरायची, कुणाच्या तरी घरातलं बाळ दचकून रडायला लागायचं, आणि मी स्वयंपाकघराकडे धावायची. कारण माझा ओव्हन विजेवरचा होता. गोल, ॲल्युमिनियमचा, झाकणाला वाटीएवढी काच असलेला. आमच्या भागात तो एकटाच. आसपासच्या मुलांच्या आया वाढदिवसाच्या आठ दिवस आधी माझ्याकडे यायच्या. "बाई, यंदा काय करताय?" मी फाईल उघडून दाखवायची. त्या बोट ठेवायच्या. मी तारीख लिहून घ्यायची.

हा मान मला फार आवडायचा. तो माझ्या शिक्षणाचाच एक भाग आहे असं मला वाटायचं. माझ्याकडे मोजायचे कप होते, बटर पेपर होता, कॉलेजात असताना एका मिशनरी बाईंकडून उतरवून घेतलेली कृतींची वही होती. एक कप म्हणजे एक कप. चमचा सुरीने सपाट करून घ्यायचा.

सुगुणाकडे यातलं काहीच नव्हतं.

सुगुणा आमच्या मागच्या घरात राहायची. दोन घरांच्या मध्ये एक मोरी आणि एक शेवग्याचं झाड. तेलुगू बोलणारं विणकरांचं घर. तिचा नवरा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरींचे ग्राफ काढायचा. जकार्डच्या चादरीवर मोर किंवा कमळ उठवायचं असेल तर ते आधी बारीक चौकटींच्या कागदावर काढतात. एकेक चौकट म्हणजे एकेक धागा. चौकट भरली तर धागा वर उचलायचा, रिकामी सोडली तर खाली. त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडायची आणि ते पुठ्ठे मागावर चढवायचे. सुगुणा घरी बसून त्याला चौकटी भरायला मदत करायची. माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान, सडपातळ, हातात कायम हिरव्या बांगड्या. सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची. तुमची आईसुद्धा.

ती माझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहायची. आत यायची नाही. मी कागदाच्या कोनातून आयसिंगची फुलं काढत असले की बघत राहायची.

"अक्का, ये की आत."

"नको बाई. हितनंच दिसतंय."

"शिकायचंय का?"

"मी काय शिकणार? बघती आपली."

ती खरंच फक्त बघायची. कधी काही विचारलं नाही, कधी काही लिहून घेतलं नाही. मला त्याची गंमत वाटायची. शाळेत अशा मुली मागच्या बाकावर बसतात आणि आपण त्यांच्याकडे लक्ष देत नाही.

तुमच्या आईचा वाढदिवस मे महिन्यातला. सोलापुरातला मे तुम्हाला कसा सांगू? तुमच्याकडे कॅलगरीत खिडकीबाहेर बर्फ साचतो, तशी आमच्याकडे खिडकीबाहेर ऊन साचतं. दुपारी कुत्री मोरीत जाऊन झोपतात. लोण्याचं आयसिंग दहा मिनिटांत ओघळतं, म्हणून मी निम्मं वनस्पती तूप घालायची आणि परात ओल्या पंच्याच्या घडीवर ठेवायची. माठाचं पाणी, खिडकीला ओला पडदा, आणि पंख्याखाली पाटावर केक. सहाव्या वाढदिवसाला नंदूला, म्हणजे तुमच्या आईला, आगगाडीचं इंजिन हवं होतं. नंबर चार. मी सकाळी नऊला ओव्हन लावला.

साडेनऊला माग थांबले.

मी झाकण उघडलं नाही. काचेतून बघत बसले. केक आधी वर आला होता, तो हळूहळू मधून खाली बसत गेला, जसं एखादं माणूस बातमी ऐकून खाली बसतं. अकरा वाजले, बारा वाजले. लाईट येईना. पाचला तीस मुलं येणार होती आणि शाळेच्या मोठ्या बाईही येणार होत्या. नंदू ओट्याला टेकून उभी होती. ती रडत नव्हती, आणि ते मला जास्त लागत होतं.

मग ती मागच्या दाराने गेली. मी तिला पाठवलं नव्हतं.

दोनच्या सुमाराला सुगुणा आली. डोक्यावर परात, परातीवर ओलं फडकं. नंदू तिच्या पदराला धरून. परातीत केक होता. जाड, चौकोनी, कडांना जरासा करपलेला. जुन्या पातेल्यात वाळू तापवून, वर झाकण, झाकणावर निखारे ठेवून तिने तो शेगडीवर भाजला होता. मापं कुठली घेतली म्हणून विचारलं तर म्हणाली, "तुमी घेता तेवढीच की. बघितलंय न्हवं का मी."

आणि तिच्या कमरेला खोचलेला होता ग्राफचा कागद. नंदूने इंजिन नको, हत्ती हवा म्हणून सांगितलं होतं. मला न विचारता. नवरा जेवायला घरी आला होता, त्याने ताट बाजूला सारून लाल शाईने चौकटी भरून दिल्या होत्या.

पुढे जे झालं ते मी आजही डोळ्यांपुढे जसंच्या तसं आणू शकते, आणि आणलं की आजही मला बरं वाटत नाही. तिने सुतावरच्या प्लास्टिकच्या पिशवीचा कोन वळला. टोक दाताने तोडलं आणि कात्रीने त्याला दोन चिरा दिल्या. माझ्या आयसिंगमध्ये चिमूटभर कोको कालवला. मातकट, खराखुरा हत्तीचा रंग आला. केक हत्तीच्या आकारात कापला, कागद वर न ठेवता, नुसत्या नजरेने. मग टिंब. एक टिंब, शेजारी एक टिंब. ओठांतल्या ओठांत मोजत होती, ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू. एक ओळ संपली की कागदावर बोट एक घर वर. टिंबांनी अंग भरत गेलं, कान आला, सोंड वळली, पाठीवर झूल आली आणि झुलीला चादरीसारखी किनार आली. कुठे चूक नाही, कुठे पुसणं नाही. माझी फुलं नेहमी सुंदर यायची, पण तो हत्ती श्वास घेत होता. नंदू त्याच्या डोळ्याकडे बघून हसली. त्या वर्षभरात ती माझ्याकडे बघून तशी हसली नव्हती.

मी तेव्हा सँडविचना शेंगाची चटणी लावत होते. सुरी जरा जास्तच जोराने चालवत होते.

पाच वाजता मुलं आली. लाईट आली नव्हती, घरात अंधारलेलं होतं. तुमचे आजोबा कॅमेरा घेऊन उभे. "उजेड कमी पडतोय," म्हणाले. सुगुणाने खिडकीचा पडदा हाताने वर धरला. तो फोटो म्हणजे तुमच्या फ्रिजवरचा. नीट बघा. मध्ये हत्ती, मागे नंदू, तिच्या खांद्यावर हात ठेवलेली मी, आणि डाव्या कडेला, पडद्याजवळ, हिरव्या बांगड्यांचा एक हात. बाकीची ती फोटोत आली नाही. तो हात कुणाचा, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत, आणि तुमच्या आईने आपणहून सांगितलं नसणार.

मोठ्या बाई म्हणाल्या, "हे तुम्ही घरी केलंत? कमाल आहे हो तुमची!"

मी म्हणाले, "काही विशेष नाही. कागदावर मोजून केलं की जमतं."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. सुगुणा पाण्याचा जग घेऊन दारात उभी होती. तिने ऐकलं. जग टेबलावर ठेवला आणि पेले भरायला लागली. नंदूने पहिला घास मला दिला, रीतीप्रमाणे. हत्तीचा कान, ज्याच्यासाठी तीस मुलं भांडत होती, तो तिने बशीत घालून अक्काला नेऊन दिला.

संध्याकाळी टेबल आवरताना बश्यांखाली कागद सापडला. एका कोपऱ्याला कोकोचं बोट उठलेलं. मी तो पुसला, घडी घातली आणि फाईलमध्ये ठेवला. दोन दिवसांनी सुगुणाने शेवग्याखालून विचारलं, "बाई, तो हत्तीचा कागद राहिला का हो तुमच्यात?"

"बघते हं. दिसला की देते."

मी त्यावर नंबर घातला. पाच.

त्यानंतर गल्लीतल्या बायका दोन दारांना जायला लागल्या. ससा हवा तर माझ्याकडे, पण मोर, सिंह, टीव्हीत दिसणारं एखादं माकड किंवा अस्वल हवं असेल तर मोरी ओलांडून मागे. हळूहळू ससा कुणालाच नकोसा झाला. मी चांगले कप वापरत होते, चांगलं लोणी वापरत होते. रात्री मी आजोबांना म्हणायची, "तिच्या केकला कडेला जळका वास येतो." ते म्हणायचे, "हो का?" आणि पेपर उलटायचे.

नंदूच्या सातव्या वाढदिवसाला मी ठरवलं की हत्ती मीच करायचा. कागद माझ्याकडे होता. मला वाचता येत होतं, मोजता येत होतं, अजून काय लागतं? भल्या पहाटे, माग सुरू व्हायच्या आधी केक भाजून घेतला. दार लावून घेतलं. चौकट लाल, तर टिंब लाल. प्रत्येक टिंब सारखं, प्रत्येक टिंबात सारखं अंतर, सुरीच्या पात्याने मोजून. चार तास मान वर केली नाही. शेवटचं टिंब ठेवून मी मागे सरकले आणि बघितलं.

तो भडक लाल होता. आणि तो उंच होता. पाय लांबलचक, सोंड मानेसारखी, पाठ वर चढलेली. कागदावर तो तसाच होता, मीच कधी नीट बघितलं नव्हतं. मुलं आली. एका मुलीने विचारलं, "काकू, हा उंट आहे ना?" दुसरा म्हणाला, "उंट नाय, जिराफ. भाजलाय त्याला." हशा पिकला. नंदू हसली नाही. ती आधी केककडे आणि मग माझ्याकडे बघत राहिली. तिला काहीतरी कळत होतं.

सुगुणा आली, तिने बघितलं आणि क्षणभर जागच्या जागी थांबली. मी वाट बघत होते, आता ती सगळ्यांसमोर बोलणार. ती माझ्याजवळ आली आणि हलकेच, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, "बाई, कागदावरचा लाल म्हंजे लाल न्हाय. लाल म्हंजे तिथं हत्ती हाय, एवढंच. रंग आपुन ठरवायचा. आणि कागदावर उंचच काढत्यात. विणताना धागे दाबून बसत्यात की. टिंबं खालीवर दाटीनं दाबायची, आडवी सैल सोडायची. मग हत्ती खाली बसतो."

म्हणजे तिला कळलं होतं. तिने कागद मागितला नाही. प्लेट्स वाटायला लागली.

त्या वर्षापासून मी केक केले नाहीत. शाळेत काम वाढलं असं मी सांगितलं. ओव्हन भंगारात गेला, फाईल राहिली.

आता गल्लीत माग नाहीत. ते सगळे एमआयडीसीत गेले. सकाळी सातला इथे फक्त दुधाच्या गाड्या आणि कबुतरं. खळीचा वासही गेला. कोपऱ्यावर दोन केकची दुकानं आहेत, मुलाचा फोटोच केकवर छापून देतात. शेवगा कापून तिथे पार्किंग झालं. सुगुणा मात्र तिथेच आहे. नवरा गेला. तिच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालीत. आम्ही दिवाळीला फराळ देतो-घेतो, संक्रांतीला तिळगूळ. इतकी वर्षं आम्ही त्या कागदाबद्दल एक अक्षर बोललो नाही.

सई, तुझा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाईल घेऊन सुगुणाकडे गेले. ती पलंगावर बसून शेंगा सोलत होती. मी कागद तिच्या मांडीवर ठेवला.

"हा तुझा. माझ्याकडे होता."

तिने चष्मा वर केला, कागद नाकाशी नेला, कोपऱ्यातल्या कोकोच्या डागावर बोट फिरवलं.

"म्हाईत हाय की मला. लाल हत्ती केला तवाच कळलं."

"मग मागितला का नाहीस?"

"कशाला? माझ्याकडं असता तर कवाच चुलीत गेला असता. तुमच्या फाईलीत बरा ऱ्हायला." मग ती हसली, दात नसलेलं, मोकळं. "आणि मागून काय करू बाई? मला त्यो तोंडपाठ हाय."

मुलांनो, मी इतकी वर्षं जी गोष्ट लपवून ठेवली, ती तिच्या लेखी हरवलेलीच नव्हती. मला वाटलं होतं, कागद परत दिला की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. उलट तेच टोचलं जे त्या दुपारी चटणी लावताना टोचलं होतं. मी बहात्तर वर्षांची आहे आणि मला अजूनही हेवा वाटतो. तिच्या बोटांचा वाटतो, तिच्या हसण्याचा वाटतो, आणि तिला राग धरता आला नाही याचा सगळ्यात जास्त.

मी म्हणाले, "नंदूच्या मुलीला तो हत्ती हवाय. मला अजूनही तो कागद वाचता येत नाही."

"लावा फोन."

तो फोन तुम्हाला आठवत असेल. पण तुम्ही फक्त तिला बघत होतात. तुमची आई स्क्रीनवर आली, "आई, काय गं इतक्या—" म्हणाली आणि मग तिला दिसलं. "अक्का!" त्या एका शब्दात तिचा आवाज सहा वर्षांचा झाला. माझ्याशी बोलताना तो तसा कधी होत नाही. मी बघितलं, ऐकलं, आणि फोन सरळ धरला.

मग मी सांगितलं. तन्मय, तू नीट ऐकलं नाहीस, म्हणून इथे पुन्हा लिहिते. फ्रिजवरच्या फोटोतला हत्ती आजीने केला नाही. तो अक्काने केला. शाळेत तू ज्यांना ज्यांना सांगितलंस त्यांना जाऊन हे सांग. डावीकडचा हिरव्या बांगड्यांचा हात तिचा आहे.

सई, तू फ्रिजकडे बघितलंस, मग स्क्रीनकडे. मग म्हणालीस, "ओके. अक्का-आजी, हाऊ डू वी स्टार्ट?" इतकंच. मला काय काय वाटलं होतं, आणि तुमचं इतकंच.

सुगुणाने कागद बाजूला ठेवला, त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. रिकाम्या हवेत बोट टेकवत मोजायला लागली, "खालनं सुरू करायचं, पायापासनं. ओकटी, रेंडू, मूडू..." आणि तू तुझ्या त्या कॅनडातल्या स्वयंपाकघरात, ओट्यावर बोट टेकवत, तिच्या मागोमाग म्हणत होतीस. मूडू, नालुगू. मी चाळीस वर्षं त्या भाषेच्या शेजारी राहिले आणि चारच्या पुढे मोजायला शिकले नाही. तू दहापर्यंत गेलीस.

माझा हात भरून आला तरी मी फोन खाली केला नाही. तुमच्या आईने त्या वेळचा स्क्रीनशॉट काढून मला पाठवलाय. त्यात सुगुणा आहे, तिचं बोट आहे, कोपऱ्यात छोट्या चौकटीत तुम्ही दोघं आहात. आणि अगदी कडेला, कॅमेऱ्यावर जरासा आलेला, एक अंगठा.

तो माझा आहे.